राडारोड्यातून जन्मलेल्या दीर्घिका

नरतुरंग तारकासमूहाच्या उत्तरेकडच्या भागात, आपल्यापासून सुमारे २० कोटी प्रकाशवर्षांवर, एनजीसी ५२९१ नावाची एक दीर्घिका आहे. तिच्या फोटोत कुणी फारसं गुंतून पडणार नाही. म्हातारे, पिवळसर तारे. सर्पिल भुजा नाहीत. नवे तारे जन्मत असल्याची खूणही फारशी नाही. रेडिओ दुर्बिणीतून पाहिलं की मात्र तिच्याभोवती हायड्रोजन वायूचं एक तुटकं, वेडंवाकडं कडं दिसतं. त्याची रुंदी ५ लाख प्रकाशवर्षांच्या घरात आहे, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या तबकडीच्या जवळपास पाचपट. त्यात वायू आहे ५,००० कोटी सूर्यांच्या वजनाचा. आख्ख्या आकाशगंगेत मिळून इतका अणुरूप हायड्रोजन नाही.

या कड्यावर जागोजागी निळे ठिपके आहेत. प्रत्येक ठिपका म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांची वस्ती. त्यातले तीन ठिपके इतके मोठे आहेत, आणि त्यांच्याभोवतीचा वायू इतका व्यवस्थित फिरतोय, की खगोलशास्त्रज्ञ त्यांना बटू, म्हणजे लहान, दीर्घिका म्हणतात. ज्या दीर्घिकेत स्वतःत काही नवं घडत नाही, तिच्यापासून लाखो प्रकाशवर्षं दूर, मोकळ्या अवकाशात, नव्या दीर्घिका तयार होत आहेत.

हे कडं टक्करीतून आलं. आपल्याला आज जे दृश्य दिसतं त्याच्या सुमारे ३६ कोटी वर्षं आधी एक मोठी दीर्घिका सुसाट वेगाने हिच्या आरपार गेली, असं संगणकावरची प्रतिकृती सांगते. त्या धक्क्याने वायू बाहेर फेकला गेला. साधा भागाकार करून पाहा: अडीच लाख प्रकाशवर्षांची त्रिज्या ३६ कोटी वर्षांत गाठायची तर सेकंदाला सरासरी २०० किलोमीटरचा वेग लागतो. दीर्घिकांच्या दुनियेत हा अगदी रोजचा वेग आहे.

दीर्घिकांची टक्कर म्हटलं की तारे एकमेकांवर आदळताहेत असं चित्र डोळ्यांपुढे येतं. तसं जवळजवळ कधीच होत नाही. सूर्याचा व्यास १४ लाख किलोमीटर आहे, आणि त्याचा सर्वांत जवळचा शेजारी प्रॉक्झिमा ४० लाख कोटी किलोमीटरवर. सूर्य मोसंब्याएवढा करून पुण्यात ठेवला, तर प्रॉक्झिमा करवंदाएवढा होऊन गुवाहाटीला जाऊन बसेल, आणि मधल्या दोन हजार किलोमीटरांत दुसरा एकही तारा नसेल. अशा दोन विरळ वस्त्या एकमेकींतून गेल्या तर कोण कुणावर आदळणार?

स्वतः दीर्घिका मात्र इतक्या दूर दूर नसतात. देवयानी दीर्घिका आपल्यापासून २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे आकाशगंगेच्या रुंदीच्या फक्त पंचवीसपट. सूर्य आणि प्रॉक्झिमासाठी हेच गुणोत्तर जवळपास ३ कोटी येतं. त्यामुळे दीर्घिका एकमेकींना गाठतात, आणि तारे मात्र एकमेकांना चुकवून पुढे जातात.

वायूला अशी चुकवाचुकवी जमत नाही. ताऱ्यांमधल्या जागेत तो सगळीकडे पसरलेला असतो, आणि त्याचे मोठे थंड ढग शंभर-दोनशे प्रकाशवर्षं रुंद असतात. दोन दीर्घिकांचे वायू समोरासमोर आले की दाबले जातात, तापतात, ती उष्णता प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात आणि पुन्हा थंड होऊन आकसतात. माझ्या मते हा सगळा विषय समजून घेण्याची किल्ली इथे आहे. टक्करीत तारे बहुतांशी प्रवासी असतात. गुरुत्वाकर्षण नेईल तिकडे जातात. पुढे काय घडणार ते वायू ठरवतो.

आता फेकाफेकीकडे येऊ. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, कारण पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूवर त्याची ओढ जास्त असते आणि पलीकडच्या बाजूवर कमी. या फरकामुळे पाणी एका बाजूला नव्हे, दोन्ही बाजूंना फुगतं. नेमकं हेच बल दीर्घिकांमध्ये काम करतं. शेजारून दुसरी दीर्घिका गेली की तबकडीची जवळची बाजू तिच्याकडे ओढली जाते आणि लांबची बाजू मागे राहते. फरक एवढाच, की समुद्राच्या पाण्याला पृथ्वी धरून ठेवते. दीर्घिकेच्या कडेचे तारे आणि वायू इतके सैल बांधलेले असतात की ते सुटून निघतात. तबकडी मुळात फिरत असतेच, त्यामुळे सुटलेला माल वळत वळत लांब जातो. एका बाजूला दोन दीर्घिकांना जोडणारा सेतू तयार होतो आणि दुसऱ्या बाजूला लांबलचक शेपूट. ज्या दिशेने तबकडी फिरते त्याच दिशेने पाहुणी दीर्घिका फेरी मारत असेल तर शेपूट फारच लांब निघतं, कारण कडेच्या ताऱ्यांना तिची सोबत जास्त वेळ मिळते. उलट दिशेने गेली तर नुसतीच थोडी हालचाल होते.

आज हे सरळसोपं वाटतं, पण पटायला बराच काळ गेला. १९४१ साली स्वीडनमध्ये एरिक होल्मबर्ग यांनी दोन दीर्घिकांची भेट प्रयोगशाळेत मांडली होती. संगणक नव्हता, म्हणून त्यांनी विजेचे ७४ दिवे घेतले, एका दीर्घिकेसाठी ३७ आणि दुसरीसाठी ३७. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मंद होतो आणि गुरुत्वाकर्षणही त्याच प्रमाणात क्षीण होतं. मग प्रत्येक दिव्याच्या जागी किती प्रकाश पडतो ते मोजायचं, तेवढी ओढ धरायची, दिवा हिशेबाप्रमाणे सरकवायचा, आणि पुन्हा मोजायचं. मला हा प्रयोग खगोलशास्त्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो.

१९६६ मध्ये हॉल्टन आर्प यांनी ३३८ विचित्र दीर्घिकांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. शेपटं, सेतू, कडी, सगळं त्यात होतं. अशा बारीक, लांब शेपट्या निव्वळ गुरुत्वाकर्षणाने निघतील हे त्या वेळी अनेकांना पटत नव्हतं. चुंबकीय बलं किंवा दीर्घिकांच्या केंद्रातले स्फोट यांच्याकडे बोट दाखवलं जात होतं. १९७२ मध्ये एस्टोनियात जन्मलेल्या अलार आणि यूरी टूमरे या भावांनी संगणकावर थोडे कण फिरवून दाखवलं, की गुरुत्वाकर्षण पुरेसं आहे. त्यांच्या गणितात वायू नव्हता, चुंबकत्व नव्हतं. दोन जड बिंदू आणि त्यांच्याभोवती फिरणारे हलके कण, एवढंच. तरी आकाशातल्या चार खऱ्या जोड्यांची चित्रं त्यातून उमटली. त्या चार जोड्यांपैकी एक होती अँटेना दीर्घिकांची.

अँटेना, म्हणजे एनजीसी ४०३८ आणि ४०३९, आपल्या ओळखीच्या जागी आहेत: हस्त नक्षत्राच्या पाच ताऱ्यांच्या थोडं पश्चिमेला. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी दक्षिणेकडे हे नक्षत्र छान दिसतं. (हादग्याचा हत्ती काढतो त्या 'हस्ता'च्या पावसात मात्र ते शोधू नका. तेव्हा खुद्द सूर्य त्या नक्षत्रात असतो.) नुसत्या डोळ्यांनी या दीर्घिका दिसत नाहीत. सुमारे ७ कोटी प्रकाशवर्षांवर असलेली ही जोडी एकमेकींत घुसलेल्या अवस्थेत आहे आणि दोघींची एकेक शेपूट कीटकाच्या मिशांसारखी मागे पसरली आहे. नाव त्यावरूनच पडलं.

हबल दुर्बिणीने १९९० च्या दशकात या जोडीकडे पाहिलं तेव्हा हजाराहून जास्त तरुण, तेजस्वी तारकागुच्छ सापडले. काहींचं वजन लाखो सूर्यांइतकं. आकाशगंगेत एवढे जड गुच्छ आहेत, पण ते बहुतेक हजार कोटी वर्षांहून म्हातारे आहेत. त्यांना गोलाकार तारकागुच्छ म्हणतात. ते एके काळी कसे जन्मले असतील याची झलक अँटेनामध्ये मिळते. अर्थात यातले बहुतेक गुच्छ टिकणार नाहीत. जन्मल्यावर कोटीभर वर्षांतच पुष्कळ गुच्छ आपला वायू गमावतात, सैल होतात आणि विखुरतात.

हे तारे इतक्या संख्येने का जन्मतात? तारा जन्मायचा तर वायूचा ढग स्वतःच्या वजनाखाली कोसळला पाहिजे. ढगातली उष्णता आणि घुसळण त्याला सावरून धरते, म्हणून ढग अतिशय थंड लागतो, शून्याखाली २६० अंश सेल्सियसच्या आसपास. आणि दाट लागतो. शांत दीर्घिकेत ही रस्सीखेच सतत चालू असते आणि फार थोडे ढग हरतात. आकाशगंगेसारख्या मोठ्या दीर्घिकेत वर्षाला एक-दोन सूर्यांइतकाच वायू ताऱ्यांत रूपांतरित होतो. टक्करीत दोन गोष्टी बदलतात. एक तर ढग एकमेकांवर आदळतात आणि दबतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: दुसऱ्या दीर्घिकेच्या ओढीने तबकडीतला वायू आपली फिरकी गमावतो. फिरकी हाच त्याला केंद्रापासून दूर ठेवणारा आधार. तो गेला की वायू केंद्राकडे घसरतो. हजारो प्रकाशवर्षांवर पसरलेला वायू काही शे प्रकाशवर्षांत येऊन साठला की तारे जन्मण्याचा वेग कैक पटींनी वाढतो.

अँटेनामध्ये केंद्रांपेक्षाही जास्त धामधूम दोघी जिथे एकमेकींवर आल्या आहेत त्या मधल्या पट्ट्यात आहे, आणि साध्या प्रकाशात घेतलेल्या चित्रात तिथे काळोख दिसतो. कारण धूळ. तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश धूळ गिळते, तापते आणि अवरक्त किरणांत परत सोडते. म्हणून अवरक्त किंवा मिलिमीटर लहरींतच त्या पट्ट्याचं खरं रूप समजतं. चिलीमधल्या अल्मा या दुर्बीणसमूहाने २०११ मध्ये जगाला पहिलं वैज्ञानिक चित्र दाखवलं ते याच अँटेनाचं. टोकाचं उदाहरण आर्प २२० चं, म्हणजे आर्प यांच्या संग्रहातल्या २२० व्या नोंदीचं. दोन दीर्घिकांचे गाभे जवळजवळ एक झालेत, वर्षाला शंभराहून जास्त सूर्यांइतके तारे जन्मताहेत, आणि बहुतेक सगळा प्रकाश अवरक्त. या गतीने तिचा वायू काही कोटी वर्षांत संपेल.

इथे एक सावधगिरी. लोकप्रिय लेखांत प्रत्येक टक्कर म्हणजे ताऱ्यांची आतषबाजी असं चित्र असतं. तसं नाही. खूप जोड्यांची सरासरी काढली तर तारे जन्मण्याचा वेग दुपटी-तिपटीच्या आसपासच वाढलेला आढळतो. वायू किती शिल्लक आहे, तबकड्या कुठल्या कोनात भेटल्या, वेग काय होता, यावर सगळं अवलंबून असतं. आर्प २२० सारख्या दीर्घिका म्हणूनच दुर्मीळ आहेत.

मला स्वतःला केंद्रातल्या धामधुमीपेक्षा शेपटाच्या टोकाचं जास्त आकर्षण आहे. फेकलेल्या मालातून बटू दीर्घिका जन्मू शकतील ही कल्पना फ्रिट्झ झ्विकी यांनी १९५६ मध्येच मांडली होती. झ्विकींच्या बऱ्याच कल्पनांप्रमाणे हिच्याकडेही कित्येक वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९७८ मध्ये फ्रान्स्वा श्वाइत्झर यांनी अँटेनाच्या दक्षिणेकडच्या शेपटाच्या टोकाशी एक संशयास्पद ठिपका दाखवला. १९९२ मध्ये फेलिक्स मिराबेल आणि सहकाऱ्यांनी तिथे तरुण तारे आणि वायू एकत्र असल्याचं दाखवून बटू दीर्घिकेचा जन्म चालू असल्याचं मांडलं. त्यानंतर शोध रीतसर सुरू झाला.

शेपूट म्हणजे विरळ, लांबवर ताणलेला वायू. तो ताणला जात असताना एकत्र कसा येतो? याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. शेपटाच्या लांबीवर कुठेकुठे वायू किंचित दाट असतो. तिथे स्वतःचं गुरुत्वाकर्षण जिंकलं की गाठ बनते. पण अशा गाठी लहान राहतात, मोठ्या तारकागुच्छाएवढ्या. खरी बटू दीर्घिका बनायला कोट्यवधी सूर्यांचा माल एका जागी लागतो, आणि तो बहुतेक वेळा शेपटाच्या टोकाशी साठतो. मातृदीर्घिकेभोवती कृष्णद्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या आणि फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या मालाचा, फार दूरवर पसरलेला गोळा असतो. त्या गोळ्यातून जाताना शेपूट सगळीकडे सारखं ताणलं जात नाही. तबकडीचा कडेचा बराच वायू एकत्रच बाहेर जातो आणि टोकाशी ढिगाने साचतो. संगणकावर कृष्णद्रव्याचा गोळा आखूड ठेवला तर हा ढीग जमत नाही. म्हणजे ज्या कृष्णद्रव्यामुळे ही दीर्घिका बनते, ते स्वतः तिच्यात येत नाही.

का येत नाही? शेपूट निघतं ते एका दिशेने, एका पातळीत फिरणाऱ्या मालातून. तबकडीतले तारे आणि वायू तसे फिरतात. कृष्णद्रव्याचे कण मात्र सगळ्या दिशांना, वाटेल तसे धावत असतात. त्यांच्यातून एकसंध शेपूट ओढून काढता येत नाही. जे काही थोडं निघतं ते इतकं वेगात असतं की बटू दीर्घिकेच्या क्षीण ओढीत अडकत नाही.

म्हणून शेपटात जन्मलेली बटू दीर्घिका आणि सर्वसाधारण बटू दीर्घिका वरून सारख्या दिसल्या तरी आतून वेगळ्या असतात. साधारण बटू दीर्घिकेत दिसणाऱ्या मालापेक्षा कृष्णद्रव्य कित्येक पट जास्त असतं. हिच्यात जवळजवळ नसावं. दुसरी खूण रसायनाची. हायड्रोजन आणि हेलियमपेक्षा जड मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात शिजतात. लहान दीर्घिकेत फारसे तारे झालेले नसतात, शिवाय स्फोटांबरोबर बरीच मूलद्रव्यं बाहेर उडून जातात, म्हणून बटू दीर्घिका या बाबतीत गरीब असतात. आय झ्विकी १८ नावाच्या बटू दीर्घिकेत ऑक्सिजनचं प्रमाण सूर्याच्या तीस ते पन्नास पटींनी कमी आहे. शेपटातल्या बटूला मात्र मोठ्या दीर्घिकेत आधीच शिजलेला वायू आयता मिळालेला असतो; तिच्यात हे प्रमाण साधारण सूर्याच्या तिसऱ्या भागापासून निम्म्यापर्यंत असतं. तिच्या आकाराला हे शोभत नाही, आणि ती ओळखू येते ती त्यामुळेच. याच श्रीमंतीचा एक फायदा असा, की तिच्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसतो, आणि त्यावरून रेणुरूप हायड्रोजनचा, म्हणजे तारे ज्यातून बनतात त्या खऱ्या कच्च्या मालाचा अंदाज येतो. २००० साली आर्प १०५ आणि आर्प २४५ या दोन जोड्यांच्या शेपटांतल्या बटूंमध्ये असा वायू सापडला. तो मातृदीर्घिकेतून तयार आलेला नव्हता, तिथेच अणुरूप हायड्रोजनपासून बनला होता, असा निष्कर्ष निघाला. राडारोड्यात निव्वळ जुने ढग वाहत आलेले नाहीत. तिथे नवे ढग घडताहेत.

शेपटाच्या टोकाशी ठिपका दिसला म्हणून लगेच बटू दीर्घिका म्हणता येत नाही. शेपूट वळून नेमकं आपल्या दृष्टिरेषेत आलं तर विरळ वायूसुद्धा दाट गाठीसारखा भासतो. खरी गाठ कोणती आणि भास कोणता, हे वेगावरून ठरतं. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो; वायू आपल्याकडे येत असेल किंवा दूर जात असेल तर तिची लांबी किंचित बदलते. गाठीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वेग क्रमाने बदलत गेला, आणि तो उतार आजूबाजूच्या शेपटापेक्षा वेगळा असला, तर गाठ स्वतंत्रपणे फिरते आहे असं म्हणता येतं.

या कामात नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बिणीचा, जीएमआरटीचा, चांगला हातभार आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या एकत्र काम करतात आणि २१ सेंटिमीटरची लहर तिच्या टप्प्यात येते. आर्प ३०५ या जोडीतल्या एनजीसी ४०१६ आणि ४०१७ या दोन सर्पिल दीर्घिकांची भेट सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी झाली. दोघींमधल्या सेतूत बटू दीर्घिकेची एक उमेदवार आहे. तिच्यातला वायू जीएमआरटीने मोजला तेव्हा तो ६० कोटी सूर्यांहून जास्त वजनाचा निघाला.

वायू किती आहे ते रेडिओ सांगते. त्यातून तारे जन्मताहेत का, हे सांगायला अतिनील प्रकाश लागतो. जड तरुण तारे अतिशय तप्त असतात, त्यांचा बहुतेक प्रकाश अतिनील असतो, आणि ते लवकर मरतात. त्यामुळे जिथे अतिनील प्रकाश आहे तिथे गेल्या दहा-वीस कोटी वर्षांत, बरेचदा त्याहूनही अलीकडे, तारे जन्मले असणार. पण आपला ओझोन हा प्रकाश अडवतो, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरची अतिनील दुर्बीण, यूव्हीआयटी, हे काम करते. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने ती उभी राहिली आणि पुण्याच्या आयुकाचाही तिच्यात वाटा आहे. तिचा आरसा फक्त ३७.५ सेंटिमीटरचा, पण आधीच्या अमेरिकी गॅलेक्स दुर्बिणीपेक्षा तिला तपशील जास्त बारीक दिसतो. जिथे गॅलेक्सला एक धूसर डाग दिसायचा, तिथे यूव्हीआयटी दोन-तीन वेगळे ठिपके सुटे करून दाखवते.

आणि तिने एनजीसी ५२९१ कडे पाहिलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या राडारोड्यात तारे जन्मत असलेल्या ५७ जागा मोजल्या गेल्या. त्यातल्या १२ आधीच्या अतिनील चित्रांत कुणाला दिसल्या नव्हत्या. धुळीने गिळलेल्या प्रकाशाचा हिशेब धरून या सगळ्या ठिपक्यांत मिळून वर्षाला पावणेदोन सूर्यांइतके तारे जन्मतात. हा आकडा नीट पाहा. आकाशगंगेसारखी आख्खी मोठी दीर्घिका साधारण एवढंच काम करते. इथे ते एका मोडक्या कड्यावर, कुठल्याही तबकडीच्या बाहेर चाललेलं आहे.

कृष्णद्रव्याचा प्रश्न मात्र याच कड्यावर अडकला. टक्करीतून जन्मलेल्या बटू दीर्घिकेत कृष्णद्रव्य नसावं असं आपण वर म्हटलं. ते तपासायचं तर तिच्या फिरण्याच्या वेगावरून एकूण वजन काढायचं आणि दिसणाऱ्या वायूच्या आणि ताऱ्यांच्या वजनाशी ताडून पाहायचं. फ्रेदेरिक बूर्नो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एनजीसी ५२९१ च्या तीन बटूंसाठी हे केलं आणि सगळेच चकित झाले: एकूण वजन दिसणाऱ्या मालाच्या दुप्पट-तिप्पट आलं. साध्या बटू दीर्घिकांच्या मानाने हा फरक किरकोळ आहे, पण तो शून्य असायला हवा होता. त्यांचा तर्क असा, की हरवलेला माल म्हणजे अतिथंड रेणुरूप हायड्रोजन असावा, जो सहजी दिसत नाही. तबकडीतच तो होता आणि तबकडीबरोबर बाहेर आला. कृष्णद्रव्याला पर्याय म्हणून गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलू पाहणाऱ्यांनीही या निकालावर उडी घेतली, कारण त्यांच्या मते असा फरक दिसायलाच हवा.

२०१५ मध्ये फेदेरिको लेल्ली आणि सहकाऱ्यांनी या तीन आणि इतर तीन अशा सहा बटूंची मोजणी पुन्हा केली, वायू त्रिमितीत कसा फिरतो याची काळजीपूर्वक प्रतिकृती करून. या वेळी दोन्ही वजनं जुळली. जादा माल उरला नाही. या गटात आधीच्या गटातलेही काही जण होते, स्वतः बूर्नो धरून. आपलाच निकाल पुन्हा उकलून पाहायला विज्ञानातही मन मोठं लागतं. तरी हा अंतिम निवाडा धरता येत नाही. या बटू इतक्या नव्या आहेत की त्यांच्यातल्या वायूची एक फेरीही अजून पूर्ण झालेली नाही. वायू स्थिरावलेला नसेल तर फिरण्याच्या वेगावरून काढलेलं वजन कितपत धरायचं, हा प्रश्न उरतो. माझा कल दुसऱ्या निकालाकडे आहे, कारण त्यात गृहीतकं कमी आहेत.

या दीर्घिका टिकतात का? पुष्कळशा टिकत नाहीत. काही मातृदीर्घिकेत परत कोसळतात, काहींना तिचीच ओढ फाडून टाकते, आणि लहान असल्या तर स्वतःच्याच अतिनवताऱ्यांचे, म्हणजे मरणाऱ्या जड ताऱ्यांचे, स्फोट वायू उडवून देतात. संगणकावरच्या प्रतिकृतींत साधारण १० कोटी सूर्यांहून जड असलेल्या आणि शेपटाच्या टोकाशी दूर जन्मलेल्या बटू दीर्घकाळ जगतात. आकाशात अशा किती असतील? जवळच्या दीर्घिकासमूहांतल्या बटूंपैकी सुमारे ६ टक्के टक्करीतून जन्मल्या असाव्यात, असा २०१२ चा एक अंदाज आहे. त्यात जन्मलेल्यांपैकी निम्म्या टिकल्या असं धरलं आहे. आकडा मोठा नाही, पण दुर्लक्ष करण्याएवढा लहानही नाही.

आपल्याकडे काय होईल, हे कुणी विचारेलच. देवयानी आणि आकाशगंगेची टक्कर चार-पाचशे कोटी वर्षांनी नक्की होणार असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०२५ च्या नव्या हिशेबात आसपासच्या लहान दीर्घिकांची ओढही धरली, तेव्हा पुढच्या १,००० कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता जेमतेम निम्मी उरली.

जुनी बटू शोधायची म्हणजे कठीण काम. शेपूट काही अब्ज वर्षांत विरळ होत जातं. ते पुसलं की बटू एकटी उरते आणि तिच्या जन्माची दृश्य खूण नाहीशी होते. एनजीसी ५५५७ ही लंबवर्तुळाकार दीर्घिका फार मंद प्रकाशही टिपणाऱ्या चित्रांतून पाहिली तेव्हा तिच्याभोवती अजून अंधूक शेपूट सापडलं आणि त्यात तीन फिकट बटू. त्यांतल्या एकीचं वय साधारण ४०० कोटी वर्षं निघालं. तिचं रसायन मोजलं तेव्हा ती आकाराच्या मानाने जड मूलद्रव्यांत श्रीमंत निघाली.